दुधातलं पाणी

१

भीमराज चौकीत आला तेव्हा जिनिंग कारखान्यातला कापूस त्याच्या अंगावर तसाच होता. भुवयांत, कानांवर, सदऱ्याच्या घड्यांत. सकाळपाळीतून त्याला दवाखान्यात बोलावून नेलं होतं. तिथून तो मुलीला घेऊन मसणवट्यात गेला आणि तिथून थेट इथे आला. कपडे झटकायलाही त्याला सवड मिळाली नव्हती.

फौजदार वामनराव देवतळे यांनी त्याच्यासमोर खुर्ची सरकवली.

"बस भीमराज."

"बसाले नाही आलो सायेब. माही पोरगी मेली नाही, मारली. लिहून घ्या."

वामनरावांनी लेखणी उचलली नाही. पांढरकवड्यात त्यांना पाच वर्षं झाली होती, आणि हंबरडा फोडणाऱ्यापेक्षा कोरड्या आवाजात बोलणाऱ्या माणसाची त्यांना जास्त काळजी वाटायची.

भीमराजची बायको इंदूबाई दिवाळीनंतर बाळंत झाली होती. जुळ्या मुली, दोघीही सातमाशी. केळापूर रस्त्यावर बायकांचा एक दवाखाना होता. दगडी बांधकामामुळे त्याला सगळे दगडी दवाखानाच म्हणायचे. तिथल्या डॉक्टर किसनराव गावंड्यांनी अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी एक वेगळी खोली केली होती. भिंतींना घोंगड्या लावलेल्या, शेगडीच्या उबेची, पेटीएवढ्या पाळण्यांची. ते येण्याआधी या तालुक्यात सातव्या महिन्याचं मूल जगेल अशी कोणी आशाही धरत नव्हतं. आता बैलगाड्या करून लोक तिथे येत होते.

पण दसऱ्यानंतर त्या खोलीत दोन मुलं गेली होती, आणि आज भीमराजची मुलगी तिसरी.

"कोणी मारली म्हणतोस?"

"थ्या जैबुनबीनं. सारं गाव म्हनून राह्यलं. तिले काढून टाकलं, तिनं सूड घेतला. काल दुपारीच थे दवाखान्याच्या मांगच्या दाराशी उभी होती. माह्या बायकोनं पाह्यलं."

जैबुनबीचं नाव ऐकून वामनराव अस्वस्थ झाले. ही म्हातारी दवाखान्यात आया होती. मुलांचं दूध करायचं काम तिचं. दूध म्हणजे साय काढलेलं गाईचं दूध, आणि त्यात परदेशातून मदत म्हणून आलेली दुधाची भुकटी. पोळ्याच्या सुमारास वामनराव बस स्टँडवरच्या हॉटेलात चहा प्यायला बसले, तेव्हा त्यांना ती भुकटी तिथल्या डब्यात दिसली. हॉटेलवाल्यानं दोन प्रश्नांत जैबुनबीचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी फिर्याद केली नाही, पण तिला त्याच दिवशी घालवून दिलं. एवढ्या लवकर छडा लागल्यावर वामनरावांना तेव्हा बरंच वाटलं होतं.

हवालदार धावत आत आला. "सायेब, कुंभारपुऱ्यात लोक जमून राह्यले. जैबुनबीच्या घरापाशी."

वामनराव टोपी घेऊन निघाले. ते पोचले तेव्हा पन्नासेक माणसं गल्लीत उभी होती. कोणी काही करत नव्हतं, पण कोणी हलतही नव्हतं. वामनरावांना वाट मिळाली. त्यांनी कडी वाजवायच्या आत दार उघडलं. जैबुनबीनं डोक्यावरून पदर घेतला होता. तिनं गर्दीकडे पाहिलंच नाही.

"घेऊन चला सायेब," ती म्हणाली. "मीच मारली लेकरं."

२

चौकीच्या मागच्या खोलीत वामनरावांनी तिला पाणी दिलं. तिनं पेला हातात धरला, पण तोंडाला लावला नाही.

"काय घातलंस दुधात?"

"पानी."

"पाणी?"

"भुकटी मी निम्मी काढत होतो सायेब, थे तं तुम्हाले ठाऊकच आहे. पन दूधही काढत होतो. हॉटेलवाल्याले दोन्ही लागे. मंग भांडं भरलेलं दिसावं म्हनून उकळलेलं पानी घालो. चव फिकी लागू नये म्हनून साखर घालो. अख्खा उन्हाळा, अख्खा पावसाळा. भुकटीचं तुम्ही इचारलं, पान्याचं कोनी इचारलंच नाही. मी सांगतलं नाही."

"आणि सूड?"

"सूड कायचा? गुनाह माहा, सूड कोनावर घेऊ?" तिनं पेला खाली ठेवला. "मले काढलं तवा डाक्टरसायेब म्हनले होते, जैबुनबी, ह्या मुलांच्या अंगात उद्या ताकद नाही राहिली तर त्याला तू जबाबदार. मंग येक गेलं, मंग दुसरं गेलं. मी मांगच्या दाराशी कायले जात होतो? नर्स नलूबाईले इचाराले, लेकरं कशी आहेत म्हनून. माह्या पान्यानं सुकलेली लेकरं, सायेब. थेच जाऊन राह्यली येक येक."

खोटं बोलणारा माणूस आपला गुन्हा लहान करून सांगतो. ही मोठा करून सांगत होती. तिला फाशी झाली असती तरी तिनं अंगठा उठवला असता.

"भीमराजच्या मुलीला तू किती दिवस दूध पाजलंस?"

"कोन भीमराज?"

"जिनिंगमधला. इंदूबाईच्या जुळ्या. त्यातली एक आज गेली."

जैबुनबीनं त्यांच्याकडे पाहिलं. "जुळ्या? माह्या वक्ती जुळी लेकरं कोनाचीच नव्हती."

"दिवाळीनंतर झाल्या."

"मले तं पोळ्याले काढलं."

वामनराव उठून खिडकीशी गेले. जैबुनबीनं कबुली दिली होती, आणि जिचा खून तिनं कबूल केला ती मुलगी तिच्या हातचं दूध कधी प्यायलीच नव्हती. त्यांनी हवालदाराला आधीच्या दोन मुलांची विचारपूस करायला पाठवलं. तासाभरात तो परत आला. दोन्ही मुलं पोळ्यानंतर जन्मली होती.

जैबुनबीनं पाणी घातलेल्या दुधाचा एक थेंबही मेलेल्या मुलांपैकी कोणाच्या पोटात गेला नव्हता.

३

डॉक्टर किसनराव गावंडे पन्नाशीला आले होते. त्यांनी लग्न केलं नव्हतं. दवाखान्याच्या आवारातल्या दोन खोल्यांत ते राहायचे आणि मुलांचं वजन करायचा काटा रोज स्वतः पुसायचे.

"विष आहे," ते म्हणाले. "मी आधीच्या वेळी दुधाचा नमुना नागपूरला पाठवला होता. उत्तर आलं, काही सापडलं नाही. म्हणजे त्यांना सापडत नाही असं काहीतरी आहे. फौजदारसाहेब, ही मुलं रोगानं मरत नाहीत. मी सांगतो ना. ती वाढत असतात. सुंदर वाढत असतात. वजन रोज चढतं, माझ्या आधीच्या कुठल्याच मुलांचं एवढं भरभर चढलं नव्हतं. आणि तिसऱ्या आठवड्यात एकाएकी पांढुरकी पडतात. श्वास जोरजोरात सुरू होतो. छातीला नळी लावून बघावं तर फुप्फुसं स्वच्छ. ताप नाही. मग ओकतात, मग गळतात."

"दूध कोण करतं?"

"जैबुनबीला काढल्यापासून नलू. तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

नर्स नलू यवतमाळची. शिकून आलेली, टापटिपीची, तिशीच्या आतली. भुकटीच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला होती. वामनरावांचा पहिला प्रश्न ऐकताच तिचा चेहरा कठीण झाला.

"मीच करते. माझ्याशिवाय कोणी भांड्याला हात लावत नाही. बाटल्या मी उकळते, भुकटी मी मोजते, मीच पाजते. तुम्हाला जे म्हणायचं ते स्पष्ट म्हणा."

"मला काही म्हणायचं नाही बाई. मुलं कशी होती ते सांगा."

ती थोडी सैल झाली. "इंदूबाईची धाकटी? छान होती. दोघींत तीच नाजूक, तिला ओढता येत नव्हतं, म्हणून तिला बाटलीवर ठेवलं. थोरली आईलाच प्यायची. पण पंधरा दिवसांत धाकटीनं थोरलीला गाठलं. पाय असे गुबगुबीत झाले होते की मोजा काढला की त्याची खूण उमटायची. आणि भूक किती. बाटली संपली तरी जीभ फिरवत रडायची. मी डॉक्टरांना सांगितलं, म्हटलं भूक वाढली हिची. त्यांनाही आनंद झाला. भुकटीचं एक माप वाढवून दिलं."

"थोरली कुठे आहे?"

"आईबरोबर घरी गेली आज. ठणठणीत आहे."

"दोघी वेगळ्या ठेवल्या होत्या?"

"नाही. एकाच पेटीत. एकमेकींची ऊब लागते."

वामनरावांनी आवारात येऊन गवळ्याला गाठलं. रूपसिंग जवळच्या तांड्यावरून दूध आणायचा. मोठ्या पागोट्याचा, कमी बोलणारा माणूस. प्रश्न ऐकून त्यानं चरवीतलं दूध झाकणात ओतलं आणि तिथेच पिऊन टाकलं.

"माह्या गाईचं दूध डाक्टर पेते, ही नर्सबाई पेते, माहे नातू पेते. पानी घालतो का म्हनून इचारा. घालत नाही. जैबुनबी घाले, थे मले ठाऊक होतं."

"ठाऊक होतं? मग सांगितलं का नाही?"

"कोनी इचारलं काहून नाही?" रूपसिंग म्हणाला आणि चरवी उचलून चालू लागला.

वामनराव पायरीवर बसून राहिले. एक पेटी, एक पांघरूण, एकच हवा. एक बहीण आईचं दूध पीत होती, ती जगली. दुसरी बाटलीचं पीत होती, ती गेली. जे काही होतं ते बाटलीत होतं. गवळ्याचं दूध सगळे पीत होते. नागपूरला विष सापडलं नव्हतं. आणि बाटलीला हात फक्त नलूचा. पण नलू खून का करील? आणि केलाच, तर मुलं आधी पंधरा दिवस एवढी बाळसं का धरतील?

आतून एका बाईच्या रडण्याचा आवाज आला. पाठोपाठ डॉक्टर दारात आले.

"जमिलाचा मुलगा," ते म्हणाले. "मोटार मेकॅनिक अब्दुल गनीचा. जमिलाला बाळंतरोग झालाय, तिला दूधच नाही. पोरगा पहिल्यापासून बाटलीवर आहे. आज सकाळपासून त्याचा श्वास तसाच चालायला लागलाय."

४

केळापूरची बस वामनरावांनी पकडली तेव्हा आपण नेमकं काय शोधायला निघालोय हे त्यांनाही नीट माहीत नव्हतं. एवढंच डोक्यात होतं, की मेलेल्या मुलांविषयी सगळे बोलतायत. जगलेल्यांविषयी कोणी बोलत नाही.

उकंडा नावाचा म्हातारा गावाच्या टोकाला राहायचा. त्याचा नातू वैशाखात दगडी दवाखान्यात जन्मला होता, तोही सातमाशी. वामनराव अंगणात शिरले तेव्हा तो नातू सुपाची कड धरून गुडघ्यांवर पुढेमागे झुलत होता.

"हाच का तो?"

"हाच. तळहातावर मावत होता सायेब. डाक्टरानं वाचवला." उकंडानं घोंगडी अंथरली. "थ्यांचं नाव घेतल्याशिवाय आमच्या घरी दिवा लागत नाही."

"बाटलीचं दूध प्यायचा?"

"व्हय. सुनेले दूधच नव्हतं. जैबुनबी पाजे. मयाळू बाई. तिनं चोरी केली म्हनते, आमाले तं खरं वाटत नाही."

"वजन लवकर वाढलं का याचं?"

"कायचं लवकर? डाक्टर रोज काट्यावर ठेवे आन् मान हालवे. म्हने, वाढत काहून नाही हे? हळूहळू वाढला. पन रडे नाही. पेलं का झोपे."

"तेव्हा त्या खोलीत आणखी मुलं असतील."

"चारपाच असतीन. येक पोष्टमनचं होतं. येक मोहद्याच्या बाईचं. आनखी होती."

वामनरावांनी आवाज साधा ठेवला. "त्यातली गेली किती?"

उकंडानं आठवून पाहिलं. घरातून सुनेनंही काहीतरी सांगितलं, तिच्याकडे त्यानं मान वळवली.

"थ्या वक्ती तं कोनीच गेलं नाही सायेब," तो म्हणाला. "डाक्टर म्हनत होते ना सर्व्याइले, माह्या खोलीतून रिकाम्या हातानं कोनी गेलं नाही म्हनून."

परतीच्या बसमध्ये कापसाच्या गाठोड्यांवर बसलेली माणसं भावाविषयी बोलत होती. वामनराव खिडकीबाहेर बघत होते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तिथे एकही मूल दगावलं नाही. दसऱ्यानंतर एकामागून एक जायला लागली. डॉक्टर तेच, खोली तीच, गवळी तोच, भुकटी तीच. मग पोळ्याला काय बदललं? एक चोर गेला आणि एक प्रामाणिक बाई आली.

बस पांढरकवड्याच्या वेशीशी आली तेव्हा त्यांना उत्तर सापडलेलं होतं. ते इतकं विचित्र होतं की थोडा वेळ ते त्यांनी स्वतःशीही नीट उच्चारलं नाही. आणि दुसरं एक त्यांच्या लक्षात आलं होतं, जे ते कोणाला सांगू शकणार नव्हते. पोळ्याला त्या हॉटेलात त्यांनी चहा घेतला नसता, तर भीमराजची मुलगी आज पेटीत बहिणीशेजारी झोपलेली असती.

ते उतरले आणि चौकीकडे न वळता थेट दवाखान्यात गेले.

५

"विष नाही डॉक्टर," वामनराव म्हणाले. "कोणी काही घातलं नाही. उलट, घालणारी बाई गेली म्हणून झालं हे."

डॉक्टर जमिलाच्या मुलाशेजारी उभे होते. मुलाची इवलीशी छाती भात्यासारखी चालत होती. नलू बाटली घेऊन आली होती.

"तुम्ही काय म्हणताय मला कळत नाही."

"जैबुनबी नुसती भुकटी काढत नव्हती. दूधही काढायची, आणि त्यात पाणी आणि साखर घालायची. म्हणजे तिच्या वेळी मुलांना तुम्ही सांगितलेलं दूध कधी मिळालंच नाही. फार पातळ मिळालं. ती मुलं हळू वाढली. सगळी जगली. नलूबाई आल्या. त्यांनी तुम्ही सांगितलं तसं, कण इकडचा तिकडे न करता दिलं. मुलं भरभर वाढली, आणि गेली. मी डॉक्टर नाही. पण दुसरं काही बदललेलं मला सापडत नाही."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला माहीत आहे का तुम्ही काय बोलताय? या मुलांना वाढायचं असतं. वाढायला प्रथिनं लागतात. साय त्यांना पचत नाही म्हणून ती काढायची, आणि प्रथिनं वाढवायची. हे माझ्या मनचं नाही. मला शिकवलेलं आहे, पुस्तकांत आहे, मोठमोठ्या दवाखान्यांत करतात. आणि वजन? वजन वाढत होतं ते खोटं?"

"मोज्याची खूण," वामनराव म्हणाले. "नलूबाई म्हणाल्या, पायावर मोज्याची खूण उमटायची. माझ्या आईच्या पायावरही उमटायची, शेवटी शेवटी. अंगात पाणी धरलं होतं तिच्या."

डॉक्टरांनी वाकून मुलाच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

"बाटली संपल्यावर हा रडतो?" त्यांनी नलूला विचारलं.

"हो. ओठ चाटतो."

"भूक नव्हे ती," डॉक्टर हळू म्हणाले. "तहान."

ते स्टुलावर बसले. मग बोलू लागले, पण वामनरावांशी नव्हे. परीक्षेत उत्तर सांगावं तसं, एकेक वाक्य तपासत.

"प्रथिनं अंगी लागतात तेवढी लागतात. उरलेली शरीराला जाळावी लागतात. ती जळली की आम्ल उरतं. क्षारही त्या भुकटीत भरपूर. हे सगळं बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. पुऱ्या दिवसांच्या मुलाला ते कसंबसं जमतं. याची मूत्रपिंडं अजून आईच्या पोटात असायला हवी होती. त्यांना नाही जमत. क्षार साठतात, त्यांच्याबरोबर पाणी साठतं, आणि काटा वर जातो. मी तो काटा बघून खूश होतो. आम्ल रक्तात साठत राहतं. मग मूल श्वासावाटे ते बाहेर टाकायला बघतं. म्हणून श्वास. फुप्फुसांत काही नव्हतंच." त्यांनी वर पाहिलं. "ती मुलं रडत होती पाण्यासाठी, आणि मी एक माप वाढवून दिलं."

नलूनं हातातली बाटली खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"हे खरं असेलच असं नाही," वामनराव म्हणाले. म्हणायचं म्हणून म्हणाले.

"नसेल. पण ते कळायला एकच मार्ग आहे." डॉक्टर उठले. "नलू, भुकटी बंद. निम्मं दूध, निम्मं उकळलेलं पाणी, आणि साखर. मी खाण्याचा सोडा मोजून देतो, तो द्यायचा, आम्ल मारायला. आणि मध्ये नुसतं पाणी, चमच्यानं, घेईल तेवढं."

अब्दुल गनी बाहेर ओट्यावर बसून होता. त्याला फारसं काही कळलं नाही, आणि सांगायला कोणाला धीर झाला नाही. मुलाला चमच्यानं पाणी पाजताना त्यानं दारातून पाहिलं. मूल पीत राहिलं, पीत राहिलं, आणि बऱ्याच वेळानं न रडता झोपलं.

दुसऱ्या दिवशी श्वास तसाच होता. तिसऱ्या दिवशी थोडा उतरला. वजन मात्र भराभर घटत गेलं. नलू काट्यावरचा आकडा सांगताना घाबरून डॉक्टरांकडे बघायची, आणि ते म्हणायचे, "उतरू दे. पाणी आहे ते." आठवड्यानं मुलाच्या गालांवरची सूज गेली आणि त्याचा खरा, छोटासा, म्हाताऱ्यासारखा चेहरा दिसू लागला. जमिलाचा ताप उतरला होता. तिनं त्याला मांडीवर घेतलं तेव्हा त्याचा श्वास इतका शांत होता की तो चालतोय की नाही हे बघायला तिनं त्याच्या नाकाशी बोट धरलं.

६

वामनरावांनी जैबुनबीला सारं सांगितलं. तिनं दोनदा ऐकलं.

"म्हंजे माह्या चोरीनं लेकरं जगली?"

"हो."

तिला आनंद होईल असं त्यांना वाटलं होतं. तिनं मान हलवली.

"मले थे ठाऊक नव्हतं सायेब. मी तं लेकरांच्या तोंडचं काढत होतो. थे जगली थे माह्यानं नाही जगली." मग म्हणाली, "हे कोनाले सांगू नोका. लोक मले भली म्हनतीन, आन् मले थे सहन होनार नाही."

डॉक्टरांनी तिला परत कामावर बोलावलं. ती गेली नाही. तिची लेक नेरला दिली होती, ती तिकडे निघून गेली. विषबिष काही नव्हतं हे वामनरावांनी कुंभारपुऱ्यात स्वतः जाऊन सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. पण ती गेल्यावर कोणी कोणी म्हणालंच, काही नव्हतं तर गाव कायले सोडलं.

भीमराज चौकीत आला तेव्हा त्याच्या अंगावर स्वच्छ कपडे होते.

"मंग गुन्हेगार कोन?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही, भीमराज."

"माही पोरगी गेली, आन् कोनी नाही?"

वामनरावांच्या सगळ्या नोकरीत त्यांनी उलगडलेलं हे सर्वांत अवघड प्रकरण होतं, आणि त्यात पकडायला माणूस नव्हता, लावायला कलम नव्हतं. त्यांनी भीमराजला सगळं समजावून सांगायला सुरुवात केली, पण डॉक्टर किसनराव दारात उभे होते.

"मी सांगतो," ते म्हणाले. "पण इथे नाही. तुझ्या घरी चल. इंदूबाईंसमोर सांगतो."

तिघे जिनिंगच्या मागच्या वस्तीत गेले. इंदूबाई दाराशी उन्हात बसली होती, थोरली मांडीवर. डॉक्टरांना पाहून ती उठू लागली. ते म्हणाले, बसा. आणि तिच्यासमोर जमिनीवर ते स्वतःही बसले. भीमराज उभाच राहिला.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. दूध त्यांनी ठरवलं होतं. चांगल्यासाठी ठरवलं होतं, पण मुलगी गेली ती त्या दुधानं. नलूचा दोष नाही, जैबुनबीचा नाही. शब्द सोपे होते. सांगताना मध्येच चुकले, तेव्हा त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

भीमराजनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण इंदूबाईनं हात वर करून त्याला थांबवलं.

"थे मेकॅनिकचं लेकरू जगलं का?"

"जगलं."

"बरं झालं." तिनं मांडीवरच्या मुलीवरचा पदर सारखा केला. "डाक्टरसायेब, तुम्हाले आठवते का? मले दोघींपुरतं दूध येत होतं. हिचं पिऊन झालं तरी उरे. मी नर्सबाईले म्हनलं होतं, धाकटीले ओढता नाही येत तं वाटीत पिळून देतो, चमच्यानं पाजा. तुम्ही तवा काट्यापाशी उभे होते. तुम्ही म्हनलं, आईचं दूध पातळ असते, हिले जड दूध पाह्यजे."

डॉक्टरांनी डोळे मिटले. त्यांना आठवत होतं.

"मग त्या दुधाचं काय केलं?" वामनरावांनी विचारलं, आणि विचारल्याचा त्यांना त्याच क्षणी पश्चात्ताप झाला.

"फार दुखे. मोरीत पिळो," इंदूबाई म्हणाली.

जिनिंगचा भोंगा झाला, दुपारपाळीची माणसं समोरून निघून गेली. भीमराज त्या दिवशी कामावर गेला नाही. तो आत गेला, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला आणि त्यानं तो डॉक्टरांच्या समोर ठेवला.